साडेआठचं ॲव्हरेज

मुश्ताक मिस्त्रींनी गाडीचे चारही प्लग काढून वर्तमानपत्रावर ओळीनं मांडले. चारही काळेकुट्ट होते. डॉक्टर एक्स-रे धरतात, तसा मिस्त्रींनी एकेक उजेडाकडे धरून बघितला. मग त्यांनी माझ्याकडे वर पाहिलं.

"सर, खरं सांगा. गाडी चालवता, का नुसती चालू करून बसता?"

"चालवतो हो. रोज कॉलेजला. सहा किलोमीटर जाताना, सहा येताना."

"मग हे प्लग दुसऱ्याच माणसाचं सांगायलेत. ही गाडी चालती कमी, उभी जास्त. अन् उभी असताना इंजिन सुरू."

मी संख्याशास्त्राचा प्राध्यापक. पुराव्याशी वाद घालू नये असं मी वर्गात दरवर्षी सांगतो, आणि घरी आलो की घालतो. मी म्हटलं, "सिग्नलला थांबतो की."

"सोलापुरात सिग्नल किती, त्यातले चालू किती, अन् चालूला थांबणारे किती?" मिस्त्री म्हणाले. "ते सोडा सर. हे सिग्नलचं नाही."

गाडी घेऊन दोन महिने झाले होते. ती आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या बिराजदार अण्णांची. अण्णा एका साखर कारखान्याच्या वाहन विभागात टाइमकीपर म्हणून निवृत्त झाले होते. मुलगा शिवानंद यानं मोठी गाडी घेतली आणि सोसायटीचा नियम पडला एका फ्लॅटला एकच गाडी, म्हणून नऊ वर्षं सांभाळलेली ही पांढरी गाडी त्यांनी मला दिली. व्यवहार करताना अण्णांनी दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. एक, ॲव्हरेज अठराचं. दोन, काचा. काचांबद्दल ते पाच मिनिटं बोलले होते. "हे रबर बघा. तीन वर्षांपूर्वी नवीन बसवलंय. काच वर केली की आतला आवाज बाहेर नाही, बाहेरचा आत नाही. करून बघा." मी करून बघितलं. आत बसून जोरात "अण्णा" म्हणालो, अण्णांनी बाहेरून समाधानानं कानावर हात ठेवून दाखवला. गाडी विकताना माणूस काचांचं एवढं कौतुक का करतो हे तेव्हा विचारायला हवं होतं. पण मला अठराचं ॲव्हरेज दिसत होतं.

ते प्रत्यक्षात साडेआठ निघालं.

एअर फिल्टर बदलला, साडेआठ. चाकांत हवा मोजून भरली, साडेआठ. मागचा ब्रेक चाकाला घासतो असं निष्पन्न झालं, तो मोकळा केला. आठ पूर्णांक सात. त्या दिवशी मी घरी पेढे नेले. वसुधानं, म्हणजे बायकोनं, पेढा हातात घेऊन विचारलं, "कसले?" मी सांगितलं. तिनं पेढा डब्यात परत ठेवला.

वसुधा जिल्हा न्यायालयात लघुलेखक होती. बावीस वर्षं उलटतपासणी ऐकून तिचे प्रश्न छोटे झाले होते. "पाय क्लचवर ठेवून चालवता का?" "नाही." "हँडब्रेक काढता?" "काढतो." "रोज?" "बहुतेक." ते "बहुतेक" तिनं मनात टिपून ठेवलं.

त्या रविवारी मिस्त्रींकडून परत आलो तेव्हा तिचा निकाल तयार होता.

"पुढच्या रविवारी अकरा वाजता जुन्या गाड्यांचा सय्यद येतोय. मी बोलावलंय. तोवर कारण सापडलं तर ठेवा. नाही सापडलं तर द्यायची. मी रिक्षानं जाते, तुम्ही सिटी बसनं जात होता, आपलं काही वाईट चाललं नव्हतं."

"अण्णांना काय वाटेल?"

"अण्णांनी अठरा सांगितलं होतं," वसुधा म्हणाली.

हा मुद्दा दुखरा होता. अण्णा खोटं बोलतील यावर सोसायटीत कोणी विश्वास ठेवला नसता. अण्णा आणि अक्का म्हणजे आमच्या सोसायटीचं प्रदर्शनीय जोडपं. रोज पहाटे साडेपाचला दोघं मॉर्निंग वॉकला बरोबर निघत, सव्वासहाला बरोबर परत येत. पावसात, थंडीत, खंड नाही. भांडलेल्या नवरा-बायकोला बाकीचे लोक त्यांचं उदाहरण देत. त्याच रविवारी संध्याकाळी त्यांच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला सोसायटीतर्फे आदर्श दांपत्य म्हणून सत्कार ठरला होता. मानपत्र लिहायचं काम प्राध्यापक म्हणून माझ्याकडे आलं होतं. संख्याशास्त्राचा प्राध्यापक मानपत्र कसं लिहील ही शंका कोणालाच आली नाही. प्राध्यापक म्हणजे प्राध्यापक.

म्हणजे सकाळी अकराला मी अण्णांची गाडी वाईट म्हणून विकणार होतो, आणि संध्याकाळी सहाला अण्णा चांगले म्हणून वाचणार होतो.

सोमवारी मला पेपर तपासायला चार दिवस कोल्हापूरला जायचं होतं. निघताना मी एक प्रयोग केला. पंपावर टाकी काठोकाठ भरली, किलोमीटरचा आकडा लिहून घेतला, गाडी सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटवर कडुनिंबाखाली नेहमीच्या जागी लावली, कव्हर घातलं आणि एस.टी.नं गेलो. गुरुवारी रात्री आलो. शुक्रवारी सकाळी पहिलं काम पंप.

टाकीत दोन लिटर सहाशे मिली मावलं. किलोमीटरचा आकडा मात्र पंपापर्यंत जाण्यायेण्याएवढाच वाढला होता.

मी पंपावरूनच मिस्त्रींना फोन लावला.

"मिस्त्री, कोणीतरी पेट्रोल चोरतंय. रोज साडेसहाशे मिली."

"साडेसहाशे?" मिस्त्री म्हणाले. "सर, चोर पाइप घालतो तेव्हा पाच-दहा लिटर काढतो. दुधासारखा रोजचा रतीब कोण लावतंय? लिटरभर सुद्धा नाही?"

"मग?"

"मी सांगितलं की. गाडी उभी अन् इंजिन सुरू. एसी लावून अर्धा तास. बरोबर तेवढंच जातंय. तुमच्या गाडीत कोणतरी बसतंय सर."

मग एकेक गोष्ट आठवायला लागली. मी कव्हरची नाडी कशीही गाठ मारून बांधतो, सकाळी ती सुरगाठ असते. मला वाटायचं वसुधानं बांधली, तिला वाटायचं मी सुधारलो. ड्रायव्हरची सीट रोज चार बोटं मागे गेलेली असते. ॲश-ट्रेमध्ये बडीशेप. बडीशेप मी खात नाही.

त्या संध्याकाळी बिराजदारांची सून पल्लवी मानपत्रासाठी माहिती घेऊन आली. तिनं वहीच्या पानावर मुद्दे काढले होते. शेवटच्या मुद्द्यावर तिनं बोट ठेवलं.

"सर, हे नक्की घाला. माझ्या लग्नाला आठ वर्षं झाली. या घरात एकदाही कोणाचा आवाज चढलेला मी ऐकला नाही. आई सांगतात, चाळीस वर्षांत नाही."

"एकदाही नाही?" स्वयंपाकघरातून वसुधानं विचारलं.

"एकदाही नाही, काकू."

वसुधानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच पुरावा लपवला होता.

शनिवारी मी पहाटे पाचलाच प्लॉटवर जाऊन पाण्याच्या टाकीमागे उभा राहिलो. हातात बॅडमिंटनची रॅकेट होती. चोर आला तर तिनं काय करायचं हे ठरवलं नव्हतं. उजाडत होतं, आणि मे महिन्यातलं सोलापूर एवढ्या लवकरही तापलेलं होतं.

पाच छत्तीसला अण्णा आणि अक्का आले. पायात वॉकचे बूट, अक्कांच्या साडीवर स्वेटर. मला बरं वाटलं, निदान साक्षीदार तरी मिळाले. मी पुढे होऊन त्यांना सावध करणार, एवढ्यात अण्णांनी कव्हरची सुरगाठ सोडली. कव्हराची चार घड्यांत सुबक घडी घातली. खिशातून चावी काढली. व्यवहार झाला तेव्हा त्यांनी एकच चावी दिली होती, दुसरी हरवली म्हणाले होते. ती हरवलेली चावी कुलपात गेली. दोघं पुढच्या सीटवर बसले, काचा वर गेल्या, इंजिन सुरू झालं.

आणि अक्कांनी बोलायला सुरुवात केली.

मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. अण्णा रबराबद्दल खरं बोलले होते. फक्त दिसत होतं. अक्कांचं बोट अण्णांच्या नाकापासून दोन इंचांवर वरखाली होत होतं. अण्णांनी दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलून छताला लावले. अक्कांनी स्वतःच्या कपाळावर हात मारला. अण्णा काहीतरी मोजू लागले, एक बोट, दोन, तीन. तिसऱ्या बोटाला अक्कांनी ते बोटच धरलं. हे काही मिनिटं चाललं. मी भारावून बघत होतो. चाळीस वर्षांत एकदाही न चढलेला आवाज माझ्यापासून दहा फुटांवर चढला होता आणि काचेमागे अगदी छान दिसत होता.

शेवटी मी जाऊन काचेवर टकटक केलं. अक्कांनी माझ्याकडे न बघताच काच खाली केली, त्यामुळे चालू वाक्याचा उरलेला भाग थेट माझ्या तोंडावर आला.

"...अन् तुमच्या त्या आत्याबाईंनी माझं नवं इरकल नेसून बारसं उरकलं, तेव्हा तुम्ही काय म्हणालात? शोभतंय म्हणालात!"

मग त्यांनी मला पाहिलं. माझ्या हातातली रॅकेट पाहिली.

"सर, खेळायला निघालात?" अक्का अतिशय शांत, आदर्श आवाजात म्हणाल्या.

अण्णांनी घड्याळ बघितलं. चोवीस वर्षं टाइमकीपर होते. "सर, मागं बसा. काच लावून घ्या. सव्वीस मिनिटं हायेत, पण आज हिचा दिवस आहे, त्यातली मी तुम्हाला देऊ शकत नाही. विचारा हिला."

"द्या त्यांना," अक्का म्हणाल्या. "माझं सोमवारी ढकलू."

मी माझ्याच गाडीच्या मागच्या सीटवर पाहुण्यासारखा बसलो. एसी चांगला होता, अक्कांच्या स्वेटरचं कारण कळलं.

"चावी हरवली नव्हती," अण्णा म्हणाले. "आयुष्यात एक खोटं बोललो, ते तुमच्याशीच. माफ करा."

"पण गाडीत कशाला? घर आहे की तुमचं."

अण्णांनी अक्कांकडे बघितलं. अक्कांनी पदर सारखा केला.

"सर, आमची पल्लवी गुणाची पोरगी हाय. तिच्या माहेरी आईबापाची भांडणं, भांडी फेकण्यापर्यंत. ती त्यातच वाढली. लग्नानंतर आठ दिवसांत मला म्हणाली, 'आई, तुमच्या घरात किती शांत असतं हो. मला पहिल्यांदा झोप लागायली.' आता सांगा. त्याच्या आदल्याच दिवशी मी ह्यांना उपमा ताटात आदळून दिला होता. तिच्या ते ध्यानात आलं नव्हतं एवढंच. त्या दिवसापासून आमचं तोंड बंद."

"चार दिवस बंद ठेवलं," अण्णा म्हणाले. "पाचव्या दिवशी माझं बी.पी. वाढलं. हिला ॲसिडिटी. डॉक्टर म्हणाले, फिरायला जात जा. मग गेलो. गावाबाहेर होटगी रोडला गाडी नेऊन भांडलो, दोघं आठ दिवसांत बरे. मला मोतीबिंदू झाल्यावर शिवानं माझं गाडी चालवणं बंद केलं. मग इथंच बसतो. वेळापत्रक आहे. सम तारखेला मी, विषम तारखेला ही. सव्वासहाला बंद. वर काही न्यायचं नाही. शेवटची पाच मिनिटं बडीशेप."

"आणि इंजिन का चालू ठेवता?"

"काचा बंद म्हणजे एसी आला. नुसता एसी लावला तर तुमची बॅटरी उतरणार. परक्याची वस्तू. तुमचं नुकसान नको म्हणून इंजिन सुरू ठेवतो."

"अण्णा, पेट्रोल जातं त्यानं."

"उभ्या गाडीला?" अण्णा मनापासून हसले. "सर, मी चोवीस वर्षं दोनशे ट्रकांचं डिझेल किलोमीटरवर बघितलंय. गाडी हलली नाही तर तेल कसं लागेल? उभ्या गाडीचा आमच्या तक्त्यात रकानाच नव्हता!"

मी त्यांना आकडे सांगितले. चार दिवस, दोन लिटर सहाशे. अण्णा ऐकत गेले तसे त्यांचे हात स्टिअरिंगवरून हळूहळू मांडीवर आले. पहिल्यांदाच ते थकल्यासारखे दिसले.

"म्हणजे ॲव्हरेज..."

"साडेआठ."

"मी अठरा सांगितलं होतं. माझा शब्द." ते अक्कांकडे वळले. "अठरा होतं गं."

"होतं," अक्का म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "होटगी रोडला भांडत जायचो तेव्हा खरंच होतं. माझं ऐकताना हे चाळीसच्या वर कधी गेलेच नाहीत."

मी सांगितलं, उद्या अकराला सय्यद येतोय. एसी फुरफुरत होता. अक्कांनी डॅशबोर्डवरची धूळ पदरानं पुसली, एखाद्या घराचा उंबरा पुसावा तशी.

"मग आम्ही भांडायचं कुठं, सर?" त्या म्हणाल्या.

याचं उत्तर संख्याशास्त्रात नाही. मी म्हटलं, "गाडी विकत नाही. पण इंजिन बंद ठेवा, बाजूच्या दोन काचा बोटभर खाली ठेवून भांडा."

"आवाज जाईल," दोघं एकदम म्हणाले. मला वाटतं, त्या दिवशीचं ते त्यांचं एकमेव एकमत होतं.

"ठीक आहे. इंजिन चालू ठेवा."

"पल्लवीला कळू देऊ नका," अण्णा म्हणाले. "तिची झोप जाईल."

मी शब्द दिला. सहा पंधराला अण्णांनी इंजिन बंद केलं, मला चिमूटभर बडीशेप दिली आणि दोघं हातात हात घालून वॉकवरून परतले.

रविवारी सय्यद अकराला पाच कमी असताना आला. गाडीभोवती फिरला, काचा वरखाली करून बघितल्या, खूश झाला. मी सांगितलं, गाडी द्यायची नाही. तो निघून गेल्यावर वसुधा दारातच उभी होती.

"कारण सापडलं?"

"सापडलं."

"काय?"

"सांगता येत नाही."

"दुरुस्त झालं?"

"नाही. होणारही नाही. साडेआठच राहणार."

"कारण सापडलं, सांगता येत नाही, दुरुस्त होत नाही, आणि गाडी ठेवायची," वसुधा म्हणाली. "हे मी कोर्टात टाइप केलं असतं तर न्यायाधीशांनी मला पुन्हा वाचायला सांगितलं असतं." तिचा आवाज पहिल्या मजल्यावरून दुसऱ्यावर जायला लागला. "बावीस रुपयांच्या भाजीचा मी तुम्हाला..." एवढ्यात समोरचं दार उघडलं आणि पल्लवी सत्काराचे हार घेऊन बाहेर आली. आम्हा दोघांकडे बघून ती जागीच थांबली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरलो नाही. आठ-दहा वर्षांची मुलगी जिन्यात उभी आहे आणि वरून भांडी पडण्याचा आवाज येणार आहे, असा तो चेहरा होता.

"वसुधा," मी म्हटलं, "खाली चल."

"कुठं?"

"गाडीत. काचा लावून बोलू."

ती का आली कोण जाणे. बहुतेक मी तिला पहिल्यांदाच असं काही म्हणालो होतो म्हणून. आम्ही बसलो, काचा वर केल्या, इंजिन सुरू केलं. मी पल्लवीला सांगणार नाही असा शब्द दिला होता, बायकोचा उल्लेख नव्हता. मी सगळं सांगितलं. उपमा, बी.पी., सम-विषम तारखा, आत्याबाईंचं इरकल. वसुधा ऐकत राहिली. मग ती हसायला लागली. डोक्यावरचा छोटा दिवा हलेपर्यंत हसली. डोळे पुसले, पुन्हा हसली.

"म्हणजे बॅटरी उतरू नये म्हणून पेट्रोल जाळत होते?"

"आपलं नुकसान नको म्हणून."

"बिचारे," ती म्हणाली. मग तिनं सीट थोडी मागे घेतली, एसीची झडप स्वतःकडे वळवली. "बरं. गाडी राहू दे. पण आता बसलोच आहोत, आणि काचा बंद आहेत, तर मागच्या दिवाळीत तुमच्या बहिणीसमोर तुम्ही माझ्या चकल्यांबद्दल जे बोललात, ते घेऊ."

पाऊण तास लागला. इतकं सविस्तर आम्ही लग्नापासून कधी बोललो नव्हतो. वर आलो तेव्हा दोघांनाही सडकून भूक लागली होती.

संध्याकाळी सत्कार झाला. मी मानपत्र वाचलं. पल्लवीनं दिलेलं वाक्य मी तिच्याच नावानं जसंच्या तसं ठेवलं होतं, कारण त्यात चुकीचं काहीच नव्हतं: 'या घरात एकदाही कोणाचा आवाज चढलेला मी ऐकला नाही.' तिसऱ्या रांगेत वसुधाला ठसका लागला. व्यासपीठावर अक्कांनी नम्रपणे मान खाली घातली. अण्णांनी हार घालून घेताना माझ्या कानाशी तोंड आणलं.

"सर, उद्या तारीख विषम आहे, हिचा दिवस. पण कार्यक्रमात हिनं मला पायावर चिमटा काढलाय. उद्या दहा मिनिटं जादा लागतील. पेट्रोल माझ्याकडून."

याला आता बारा वर्षं झाली. अण्णा अठ्ठ्याहत्तरचे आहेत, हातात काठी आहे, गाठ अजून सुरगाठच असते. पहाटेची पाळी त्यांची, रविवारी अकराची आमची. मुश्ताक मिस्त्री दरवर्षी चार प्लग बदलतात आणि आता काही विचारत नाहीत. गेल्या महिन्यात मात्र ते घरातलं काहीतरी सांगता सांगता थांबले, आणि गाडी गुरुवारी रिकामी असते का असं विचारून गेले.

परवा तिसऱ्या मजल्यावरचा नवीन लग्न झालेला मुलगा जिन्यात भेटला. सासू-सासरे दोन महिन्यांसाठी राहायला आले आहेत म्हणाला. म्हणाला, सर, तुम्ही नवी गाडी घेताय असं ऐकलं, ही जुनी देणार आहात का? ॲव्हरेज किती देते?

"साडेआठ," मी सांगितलं.

त्याचा चेहरा पडला. "फारच कमी आहे, सर."

"कमी आहे," मी म्हटलं. "पण खाली ये, तुला काचा दाखवतो."